करवीरात भय सरले : संत बहिणाबाईंचे चरित्र

आज आश्विन शुद्ध प्रतिपदा. करवीरनिवासिनी श्रीअंबाबाईच्या मंदिरात आणि या क्षेत्रातील घरोघरी आज घटस्थापना होत आहे. काळी माती पसरून तीत धान्य पेरले जाईल, मध्यभागी पाण्याचा कलश बसेल, विड्याच्या पानांवर देव विराजमान होतील आणि पहिली माळ चढेल. शेजारी नंदादीप लावला जाईल. तो नऊ अहोरात्र अखंड तेवावा म्हणून घरातील वडीलधारी बाई रात्री दोन-तीन वेळा उठून दिव्यात तेल घालील. वात पुढे सारील, क्षणभर हात जोडील आणि मगच पुन्हा अंथरुणाला पाठ टेकील.

या दिव्यावरूनच आम्हांस एक जुनी गोष्ट आठवते. पुष्कळ वर्षांपूर्वी नवरात्रात येथील एका मंदिरात आमची कीर्तने चालू होती. एके रात्री उत्तररंगासाठी आम्ही देवीच्या कोपाचे आख्यान लावले. व्रत मोडणाऱ्याच्या घरावर कसकशी संकटे कोसळली, ते आम्ही रंगवून रंगवून सांगितले. श्रोते चित्रासारखे तटस्थ बसले होते. आख्यान चांगले वठले, याचे आम्हांस समाधानही वाटले. आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली. परंतु एक मध्यमवयीन गृहिणी खांबाशी तशीच उभी राहिली. मागल्या नवरात्रात तिच्या घरचा दिवा पहाटे वाऱ्याने विझला होता. पुढे काही महिन्यांनी तिचा मुलगा अंथरुणाला खिळला. औषधपाणी चालू होते. पण तो आजार आपल्याच हातून विझलेल्या दिव्याचे फळ आहे, हे शल्य त्या माउलीने वर्षभर कोणापाशी न बोलता उरात बाळगले होते. याला प्रायश्चित्त कोणते, एवढेच तिला आमच्याकडून जाणून घ्यायचे होते.

आम्ही तिची समजूत घातली, पण त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. जगन्मातेच्या दारात उभी राहून ती बाई आईकडे पाहत नव्हती. वसुलीला आलेल्या सावकाराकडे पाहावे तशी पाहत होती. आणि तिच्या मनातील त्या सावकाराला त्या रात्री आम्हीच आणखी बळ दिले होते! भक्तीचे निरूपण करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने श्रोत्याच्या पदरात भय घालावे, ही आमची चूक होती. दुसऱ्या दिवशी आम्ही आख्यान बदलले आणि संत बहिणाबाईंचे चरित्र सांगितले. तेव्हापासून घटस्थापनेच्या दिवशी आम्ही अन्य आख्यान लावलेले नाही.

याला दोन कारणे आहेत. बहिणाबाईंनी देह ठेवला तो आजच्याच तिथीस, शके १६२२ च्या, म्हणजे इसवी सन १७०० च्या आश्विन शुद्ध प्रतिपदेस. आणि त्यांच्या जीवनाला जे वळण मिळाले, ते या आपल्या करवीरनगरीत. खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी, ज्यांचा काळ १८८० ते १९५१ असा आहे, त्या निराळ्या. आज आम्ही स्मरण करीत आहोत ते तुकोबारायांच्या शिष्या संत बहिणाबाईंचे.

देवगाव ते करवीर

वेरूळच्या परिसरातील देवगाव येथे आऊजी कुलकर्णी नावाचे गृहस्थ राहत असत. हे गाव आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडते. आऊजींच्या पत्नीचे नाव जानकी. बरीच वर्षे संतान नव्हते. अनुष्ठाने झाली आणि १६२८ साली त्यांना कन्या झाली, तीच बहिणा. तो काळ मोठा कठीण होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत दख्खनेत असा दुष्काळ पडला की माणसे अन्नान्न करीत मेली. निजामशाही अखेरच्या घटका मोजीत होती आणि देवगावापासून दूर नसलेला दौलताबादचा किल्ला १६३३ साली मोगलांच्या हाती गेला. राजा कोण, उद्याचा दाणा कोठला, याची शाश्वती कोणासच नव्हती.

तिसऱ्या वर्षी बहिणेचे लग्न झाले. वर शिऊरच्या पाठक घराण्यातील, वय तीस, बिजवर, वेदविद्येत आणि ज्योतिषात निष्णात. बाहुली खेळण्याच्या वयात ज्या पुरुषाशी तिची गाठ बांधली गेली तो तिच्याहून सत्तावीस वर्षांनी मोठा होता. तिला नवव्या वर्षाचा सुमार असताना माहेरी भाऊबंदकी आणि कर्ज यांचे मोठे अरिष्ट आले. अखेर आईबाप, जावई आणि मुले अशा सर्वांनी रातोरात घर सोडले. कुलकर्णीपणाचा मान ज्या घराला होता, त्या घरची माणसे गोदातीराने कोरान्न मागत हिंडू लागली. शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव झाला, पंढरीचा पांडुरंग झाला, पुढे रहिमतपुरास काही काळ मुक्काम झाला. अशी वणवण करीत हे कुटुंब करवीरात येऊन पोहोचले, तेव्हा बहिणा अवघी अकरा वर्षांची होती.

त्या वेळी हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. करवीर हे दक्षिणकाशी म्हणून वेदशास्त्राचे आणि पुराणकीर्तनाचे मोठे पीठ. परचक्राच्या भयाने पुजाऱ्याच्या घरी जपून ठेवलेली श्रीअंबाबाईची मूर्ती १७१५ च्या विजयादशमीस पुन्हा मंदिरात स्थापन झाली, हा इतिहास करवीरकरांना ठाऊक आहे. बहिणाबाईंच्या निर्याणाला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. ज्या शतकात देवालाही लपवून ठेवण्याची वेळ माणसांवर येत असे, त्या शतकातील ही कथा आहे.

या गावात बहिरंभट नावाच्या विद्वान वैदिकाने या निराश्रित कुटुंबाला आपल्या घरी आसरा दिला. पाठकांची वैदिकी चालू झाली. दोन वेळच्या अन्नाची भ्रांत मिटली आणि बहिणेला कीर्तन-पुराण ऐकावयास मिळू लागले.

वासराची गोष्ट

बहिरंभटांना दानात एक गाय मिळाली होती. स्वप्नात दृष्टांत झाला म्हणून ती त्यांनी पाठकांना देऊन टाकली. त्या गाईच्या वासराला बहिणेचा असा लळा लागला की, तिने पाणी दाखविल्याशिवाय ते तोंड लावीना. ती नजरेआड झाली की हंबरून घर डोक्यावर घेई. ती कीर्तनाला निघाली की वासरू मागोमाग निघे आणि कथा चालू असता निमूटपणे तिच्याजवळ उभे राही. लोक कौतुक करीत, कोणी हसतही.

याच सुमारास जयरामस्वामी वडगावकर करवीरास आले होते. रामदासपंचायतनातील हे सत्पुरुष. त्यांची कीर्तने रात्र रात्र चालत. एके रात्री श्रोत्यांची अशी दाटी झाली की, कोणी तरी वासराला बाहेर नेऊन बांधले. बाहेर वासरू हंबरू लागले, आत बहिणेचे डोळे वाहू लागले. स्वामींच्या कानी ही गोष्ट जाताच त्यांनी वासरू आत आणविले. त्या मुक्या जिवाच्या आणि त्या अबोल मुलीच्या मस्तकावरून हात फिरविला आणि या दोघांची पूर्वपुण्याई मोठी आहे, असे सर्वांना सांगितले. भरल्या कीर्तनात दाराबाहेरच्या जिवाची आठवण ठेवणारा तो कीर्तनकार! आमच्या त्या रात्रीच्या आख्यानाशेजारी हा प्रसंग ठेवून पाहिला म्हणजे आमची मान खाली जाते.

परंतु त्या कौतुकाचे फळ फार कडू आले. भरसभेत परपुरुषाने आपल्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवला, गावात तिचीच चर्चा चालू आहे, हे पाठकांच्या कानी गेले. त्यांनी तिला वेणी धरून ओढले, बेदम मारले आणि बांधून घातले. अकरा-बारा वर्षांची ती पोर! आईबाप समोर होते, पण जावयापुढे त्यांचे काही चालेना. इकडे गाईने आणि वासराने चारा-पाणी सोडले. अखेर वासराने प्राण सोडला. अंतकाळी त्याच्या मुखातून संस्कृत श्लोकाचे चरण उमटले, अशी कथा बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात आहे. भजनाच्या घोषात त्या वासराला मूठमाती दिली, तेव्हा बहिणा भूमीवर कोसळली आणि कित्येक दिवस शुद्धीवर आली नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. पाठक हे क्रूरकर्मा म्हणून प्रसिद्ध असलेले गृहस्थ नव्हते. ते विद्वान होते आणि संकटात सासऱ्याच्या मदतीला धावून गेलेले होते. असा मनुष्य एका बालिकेवर हात का उगारतो? आमच्या अल्पमतीला वाटते की, तो हात भयाने उगारला गेला. परक्या गावात मोठ्या कष्टाने मिळालेली प्रतिष्ठा, वैदिकांच्या पंक्तीतील पान, त्यावर चालणारा चरितार्थ हे सर्व या मुलीच्या वेडापायी हातचे जाईल, ही भीती त्यांना होती. भय मनुष्याला केवळ दुबळा करीत नाही, ते त्याला निर्दयही करते.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बहिणाबाईंनी मार सोसला म्हणून त्या संत झाल्या, असे कोणी समजू नये. त्या संत झाल्या त्या त्यांच्या भावामुळे. मार ही त्यांच्यावर झालेली आपत्ती होती. आज एखाद्या घरी सुनेला किंवा लेकीला अशी मारहाण होत असेल, तर बहिणाबाईंचे नाव सांगून तिला गप्प बसविणे हा या चरित्राचा विपर्यास आहे. तिच्या पाठीशी उभे राहणे हाच तेथे धर्म होय.

प्रश्न विचारणारी श्रद्धा

जयरामस्वामींच्या कीर्तनांतून बहिणेच्या कानी देहूच्या तुकोबांचे अभंग आले होते. इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या निघाल्याची वार्ताही तिने ऐकली होती. दुष्काळात ज्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, तरी ज्यांनी विठ्ठलाचे चरण सोडले नाहीत, त्या तुकोबांचा तिला ध्यास लागला. ती मूर्च्छेतून उठली ती हाच ध्यास घेऊन. कार्तिक वद्य पंचमीस, रविवारी, तुकोबांनी स्वप्नात दर्शन दिले, मस्तकी हात ठेवला आणि मंत्र दिला. देहूचे दर्शन पुढचे. तिचा अनुग्रह झाला तो या करवीरभूमीत.

अनुग्रह झाला म्हणजे संकट टळले, असे मात्र घडले नाही; उलट ते वाढले. वेदाध्ययन केलेल्या ब्राह्मणाच्या पत्नीने कुणबी-वाण्याला गुरू करावे, हे पाठकांना सहन होईना. लोक दर्शनाला येऊ लागले, त्याने त्यांचा संताप दुणावला. पत्नी गर्भवती असतानाच तिला सोडून तीर्थाटनाला निघून जाण्याचा त्यांनी निश्चय केला. परक्या गावात, पोटात गर्भ, आईबाप निर्धन आणि पती सोडून निघालेला, यापेक्षा मोठे भय एका स्त्रीला त्या काळी कोणते असू शकेल?

अशा वेळी बहिणाबाईंनी काय केले? त्यांनी नवस बोलला नाही. आपले काय चुकले, कोणते व्रत मोडले, याचा शोध घेत त्या बसल्या नाहीत. पतीची सेवा सोडायची नाही आणि अंतरीचा विठ्ठलही सोडायचा नाही, असे त्यांनी मनाशी ठरविले आणि देवालाच गाऱ्हाणे घातले. वेद स्त्रीला ऐकू देत नाहीत, पुराणे स्त्रीदेहाची निंदा करतात, मग या देहात जन्मास घातलेल्या जिवाने तुझ्यापर्यंत यावे तरी कोणत्या वाटेने, हा त्यांच्या अभंगांतील व्याकूळ प्रश्न आहे. त्या रडल्या, देवावर रुसल्या, कष्टी झाल्या. पण त्यांनी देवाकडे पाठ फिरविली नाही.

भय आणि श्रद्धा यांतील भेद आम्हांस येथे स्वच्छ दिसतो. भ्यालेला मनुष्य देवाला कधी प्रश्न करीत नाही. तो केवळ प्रायश्चित्त विचारतो. ज्याची श्रद्धा आहे तो मात्र निर्धास्तपणे विचारतो, कारण मूल आईला प्रश्न विचारते तेव्हा आई आपल्याला टाकणार नाही, ही खात्री त्याच्या पोटात असते. वैदिक निघंटूत श्रत् हा शब्द सत्याच्या नामांत गणला आहे. ते श्रत् जेथे ठेवले जाते ती श्रद्धा. अर्थात श्रद्धा म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. जे सत्य म्हणून जाणले त्यावर आपला सगळा भार टाकणे म्हणजे श्रद्धा.

पाठक निघण्याच्या बेतात असतानाच आजारी पडले. महिनाभर अन्न जाईना, अंगाचा दाह शमेना. ज्या पत्नीला टाकून जायचे ठरविले होते, तीच रात्रंदिवस उशाशी बसून राहिली. तिने जुना हिशेब काढला नाही, आपल्या देवाने याला शिक्षा केली असेही म्हटले नाही. त्या अंथरुणावर पाठकांना पश्चात्ताप झाला. ज्या तुकोबांची आपण निंदा केली त्यांच्याच पायांशी जावे, असे त्यांच्या मनाने घेतले. करवीरात सुरू झालेला भयाचा अंमल करवीरातच संपला.

देहू आणि पुढे

करवीराहून देहू सुमारे दीडशे मैल. हे कुटुंब तेथे पोहोचले आणि जे स्वप्नात पाहिले होते ते तुकोबा बहिणाबाईंनी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले. तेथेही सुख सरळ पदरी पडले नाही. मंबाजीने आसरा नाकारला, छळ मांडला, त्यांच्या गाईला बांधून झोडपले. त्या काठीचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठल्याचे बहिणाबाई सांगतात. परंतु या खेपेस पाठक पत्नीच्या विरुद्ध नव्हते, ते तिच्या बाजूला उभे होते. देहूस त्यांना कन्या झाली, तिचे नाव काशी. पुढे पुत्र झाला, त्याचे नाव विठ्ठल. तुकोबांच्या निर्याणानंतरचे बहिणाबाईंचे आयुष्य मुख्यतः शिऊर येथे गेले.

संस्कृताच्या अभ्यासकाला त्यांची आणखी एक कामगिरी थक्क करते. ब्राह्मण कोणास म्हणावे याची चिकित्सा करणारा वज्रसूची हा ग्रंथ त्यांनी मराठी अभंगांत आणला. जात, देह, कर्म, पांडित्य अशी एकेक कसोटी बाजूला सारीत हा ग्रंथ ब्रह्म जाणणाऱ्यालाच ब्राह्मण ठरवितो. ज्या प्रश्नावरून त्यांना करवीरात छळ सोसावा लागला, त्याच प्रश्नाचे उत्तर त्यांनी शास्त्रातून काढून लोकांच्या भाषेत मांडले. वारकरी संप्रदायाची इमारत ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंत कशी उभी राहिली, हे वर्णन करणारा प्रसिद्ध अभंगही त्यांच्याच नावावर आहे. त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांचे जस्टिन अॅबट यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९२९ साली प्रसिद्ध झाले आणि करवीरातील त्या वासराची गोष्ट सातासमुद्रापार गेली.

अखेरचा प्रसंग तर फारच हृद्य आहे. अंतकाळ जवळ आल्याचे त्यांना उमगले. सुनेच्या उत्तरक्रियेसाठी पुत्र विठ्ठल परगावी गेला होता, त्याला त्यांनी बोलावून घेतले आणि शांतपणे आपल्या मागील बारा जन्मांची हकिकत सांगितली. हा तेरावा जन्म अखेरचा, असे त्यांनी त्याला समजाविले. मृत्यू दारात उभा असता मुलाला पोटाशी घेऊन जुन्या प्रवासाच्या गोष्टी सांगाव्या तसे हे सांगणे आहे. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, घटस्थापनेच्या दिवशी, शिऊर येथे त्यांनी देह ठेवला.

देवीच्या दारात

आता पुन्हा त्या गृहिणीकडे येतो. दुसऱ्या रात्री आम्ही हे चरित्र सांगितले तेव्हा ती पुढेच बसली होती. आरतीनंतर ती पुन्हा थांबली. प्रायश्चित्ताचा विषय तिने काढला नाही. बहिणाबाईंची समाधी कोणत्या गावी आहे, एवढेच तिने विचारून घेतले आणि मुलाच्या औषधाची वेळ झाली म्हणून लगबगीने घरी गेली. तिच्या चालण्यात आदल्या रात्रीचा जडपणा नव्हता.

नवरात्राचे नेम भक्तिभावाने पाळावेत, हेच आम्ही आजवर सांगत आलो आणि पुढेही सांगू. दिव्यासाठी रात्री उठण्यात जी माया आहे, ती देवीपर्यंत पोहोचतेच. मात्र एखाद्या पहाटे वारा आला आणि दिवा विझला, तर घाबरून जाऊ नये. हात जोडावेत, तेल घालावे आणि वात पुन्हा लावावी. घरात आजारपण असेल, कर्ज असेल, मुलाबाळांची काळजी असेल, तर उपाय करीत असतानाच मनातले सर्व काही अंबाबाईपाशी मोकळेपणाने बोलावे. रुसावे, प्रश्नही करावेत. अकरा वर्षांच्या एका अनाथप्राय मुलीने याच नगरीत ते केले होते, आणि तिचे कोणतेही गाऱ्हाणे देवाने अपराध म्हणून मोजले नाही.

आज पहिली माळ चढविताना त्या बहिणेचेही स्मरण घरोघरी व्हावे, एवढीच जगदंबेच्या चरणी प्रार्थना.